बाबागाडी केवढ्याला पडली?

मे महिन्यात आम्ही तोंडवलीला गेलो, तेव्हा बाबागाडीची पुढची चाकं घरापासून तीसेक पावलांवर वाळूत रुतली. मी मागून जोर लावला तर ती आणखी आत गेली. अकरा महिन्यांची लेक आत बसून टाळ्या पिटत होती, बायको दोन्ही खांद्यांना बॅगा लटकवून उभी होती, आणि गडग्यापलीकडून काकी हा सगळा खेळ बघत होती.

“ह्यां काय हाडलंस रे?” तिनं विचारलं.

बाबागाडी, मी म्हणालो. तिनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी बराच वेळ माझ्या बायकोकडे.

“चेडवाक घेवक घरात माणसां नाय हत काय?”

मुलीला उचलून घ्यायला घरात माणसं नाहीत का? प्रश्न मला विचारला होता, पण मान खाली घातली ती बायकोनं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात, पुण्यात बाणेरच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी याच गाडीच्या हँडलवरून बोट फिरवत विचारलं होतं, “छान आहे. केवढ्याला पडली?” बायकोनं आकडा सांगितला. “अच्छा, म्हणजे इंपोर्टेड नाहीये,” एवढं बोलून त्या पार्किंगला उतरून गेल्या.

एका ठिकाणी गाडी जास्त ठरली, दुसऱ्या ठिकाणी कमी पडली. पण दोन्ही ठिकाणी निकाल लागला तो माझी बायको आई म्हणून कशी आहे याचा. गाडी हा फक्त पुरावा होता.

एखाद्या पुस्तकाची किंवा सिनेमाची करावी तशी बाबागाडीची समीक्षा करावी असं मला तेव्हापासून वाटतंय. गेल्या वर्षभरात माझ्या आसपासच्या माणसांनी कुठल्याही पुस्तकापेक्षा ही वस्तू जास्त बारकाईनं वाचलेली मी पाहिली आहे. ब्रँड वाचतात, चाकं वाचतात, कापडाचा रंग वाचतात, आणि त्यावरून घर वाचतात. सुरुवात माझ्यापासून करणं भाग आहे, कारण तिचा पहिला वाईट वाचक मीच होतो.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्यासारखे लोक काहीही विकत घेण्याआधी एक्सेल शीट उघडतात. बायकोला सातवा महिना लागला तेव्हा मी चौदा गाड्यांचं शीट बनवलं. रकाने असे: वजन, घडी एका हातानं होते का, चाकाचा व्यास, सीट पूर्ण आडवी होते का, पट्टे किती ठिकाणी बांधले जातात, मिटून कॅबच्या डिकीत मावते का, किंमत. प्रत्येक रकान्याला वेटेज दिलं आणि बेरीज केली. पहिल्या नंबरवर आली साडेपाच हजारांची, छत्रीसारखी मिटणारी, साधी गाडी.

मी थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. मग सस्पेन्शनचं वेटेज वाढवलं. तरी तीच पहिली. मग ‘बिल्ड क्वालिटी’ नावाचा एक नवा रकाना घातला. त्यात कुठले आकडे भरायचे याला काही आधार नव्हता, म्हणून फोटो बघून भरले. तेव्हा कुठे बावीस हजारांची गाडी वर आली. मी बायकोला सांगितलं, “डेटा बघून ठरवलंय.”

‘गेटवर कशी दिसेल’ असा रकाना त्या शीटमध्ये नव्हता. निकाल मात्र त्यानंच लावला होता.

शीटमध्ये नसलेली आणखी एक गाडी होती. बी विंगमधल्या एका जोडप्यानं त्यांच्या मुलाची वापरलेली गाडी आम्हाला फुकट देऊ केली होती. चांगली दणकट होती, मागची चाकं सायकलसारखी मोठी. पण कापड उन्हानं फिकं पडलेलं, आणि हातपट्टीचा फोम एका जागी सुटलेला. “थँक यू, आम्ही नवीनच बघतोय,” मी म्हणालो. ‘नवीनच’मधला तो ‘च’ मला अजून ऐकू येतो.

मला तेव्हा वाटलं होतं की मी लेकीसाठी निवड करतोय. लेकीला काय, ती त्या गाडीच्या खोक्यातही खूश असते. निवड करत होतो ती लोकांनी मला कुठल्या रांगेत उभं करावं याची.

*

दिखावा हा आजकालच्या बाजारानं या साध्या वस्तूला लावलेला रोग आहे, अशी माझी समजूत होती. इतिहास उलटं सांगतो. इंग्लंडमध्ये विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकारानं १७३३ मध्ये डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. शिंपल्याच्या आकाराची, आणि ओढायला बकरी किंवा लहान तट्टू. बाबागाडीची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सांगितली जाते. ड्यूकच्या घरी मूल उचलायला हातांची कमी नव्हती. ती गाडी अडचणीतून जन्मली नाही, हौसेतून जन्मली. पुढे एकोणिसाव्या शतकात गाड्या कारखान्यांत बनू लागल्या. ‘सिल्व्हर क्रॉस’ ही नावाजलेली इंग्रज कंपनी विल्यम विल्सन यांनी १८७७ मध्ये सुरू केली. उंच चाकं, चकचकीत हूड आणि मागे गणवेशातली आया, हे चित्र त्या काळानं पक्कं केलं.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ हे पुस्तक लिहिलं. पैसेवाला माणूस फक्त स्वतःच्या अंगावर पैसा मिरवत नाही, तो बायको आणि नोकर यांच्याकरवीही मिरवतो, असं त्याचं एक निरीक्षण होतं. आयेचा कडक इस्त्रीचा गणवेश हा मालकाच्या ऐपतीचा फलक असतो. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सहा वाजता खाली उतरा. महागातल्या महाग गाड्या ढकलणारे हात बहुतेक वेळा मावशींचे असतात, आणि एक-दोन घरांनी तर त्यांना खरोखरच गणवेश दिलेत. व्हेब्लेनला आमच्या पेव्हर ब्लॉकवर अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

आपल्याकडे हा शब्द आला तोही रुबाब घेऊनच. ‘बाबा’ हा शब्द मराठीत बापालाही लागतो आणि लाडानं पोरालाही. पण साहेबाच्या घरात त्याला वेगळा भाव होता. १८८६ मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘बाबा’ची नोंद आहे: साहेबांच्या घरी मुलांना म्हणायचा शब्द, आणि अनेकवचनात ‘बाबा लोग’. म्हणूनच ‘बाबागाडी’ म्हटलं की मला पोराच्या आधी एक बंगला दिसतो, त्याला हिरवळ, आणि हिरवळीवर आया. झोळी म्हटलं की असं काही दिसत नाही.

या सगळ्या इतिहासात एकच माणूस मला जवळचा वाटतो: ओवेन मॅक्लारेन. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला इंजिनीअर. त्यानं १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी पेटंटसाठी दाखल केली. तीन किलोपेक्षाही हलकी. विमानाची चाकं पोटात घ्यायची तर कमी जागेत घडी बसवावी लागते, आणि बसमध्ये चढणाऱ्या बाईचीही नेमकी तीच अडचण असते. एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात मिटलेली गाडी. दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी कुणीतरी या वस्तूकडे उचलणाऱ्याच्या बाजूनं बघितलं होतं. माझ्या शीटमध्ये पहिली आलेली साडेपाच हजारांची गाडी याच घराण्यातली.

पण हलकी गाडी स्वस्त झाली, सगळ्यांकडे आली, आणि मग वेगळं दिसण्यासाठी पुन्हा जड गाडी लागू लागली. नेदरलँड्समधली ‘बुगाबू’ कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली. २००२ मध्ये तिची गाडी ‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकी मालिकेत दिसली आणि बाबागाडी पुन्हा एकदा हँडबॅगेच्या रांगेत जाऊन बसली. आज आपल्याकडेही दोन-अडीच हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत गाड्या मिळतात. मूल दोन्हींत सारखंच झोपतं.

*

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, आम्ही या फंदात पडत नाही, आम्ही कॅरिअर वापरतो. मूल छातीशी बांधतो. ते जास्त नैसर्गिक आहे, आपल्या परंपरेतलं आहे.

हे वाक्य मी सोसायटीच्या गार्डनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की त्याचीही समीक्षा व्हायला हवी. मूल अंगाशी बांधणं छानच आहे. पण विल्यम सिअर्स या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं पाश्चात्त्य आईबापांमध्ये लोकप्रिय केलेली ही कल्पना आपण इंग्रजी नावासकट परत मागवली, कंबरपट्टा आणि बकल लावून सात-आठ हजारांना घेतली, आणि मग तिला परंपरा म्हटलं. त्याच गार्डनच्या भिंतीपलीकडे नवीन टॉवर उठतोय. तिथे दोन खांबांमध्ये साडी बांधून झोळी केलेली असते आणि त्यात एक मूल. त्याची आई विटा उचलत असते. ती झोळी बघून ‘नैसर्गिक पालकत्व’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. ‘बिचारं’ असं निघतं.

कापड तेच. किंमत लावली की विचारसरणी होते, किंमत नसली की हलाखी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए यानं १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात हेच सांगितलं होतं: आवडीनिवडी सांगताना माणूस वस्तूंची प्रतवारी करतो आणि त्याच दमात स्वतःचीही जागा ठरवतो. नको म्हणणं हीसुद्धा एक आवड असते. गाडी नाकारणारा तिच्या रांगेतून बाहेर पडत नाही, तो पुढे जाऊन उभा राहतो.

बांधकामावरच्या त्या मुलासाठी काही नसतं असं नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तरतूद होती: पन्नासहून जास्त स्त्रिया काम करत असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र खोली हवी. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर उभारून ‘मोबाइल क्रेशेस’ची सुरुवात केली होती. म्हणजे ‘मूल कसं नेता’ याहून मोठा प्रश्न ‘मूल कुठे ठेवता’ हा आहे, हे या देशात कुणाला तरी पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चर्चा चालते ती गाडीचं सीट आईकडे तोंड करणारं असावं की रस्त्याकडे, याची.

*

एवढं वाचून मी स्वतःवर खूश होतो. व्हेब्लेन झाला, बूर्दिए झाला, आपण या लोकांपेक्षा जरा वेगळे आहोत असं वाटायला लागलं होतं. एका रात्री मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती लेकीचे कपडे घड्या करत होती.

ती म्हणाली, “तू गाडी ढकलतोस तेव्हा लोक काय म्हणतात?”

मी आठवून पाहिलं. वॉचमन म्हणतात, “क्या बात है सर.” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, किती हौसेनं करतो बघ. एकदा एका आजोबांनी माझी पाठ थोपटली होती.

“आणि मी ढकलते तेव्हा?”

मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. एवढ्या लहान बाळाला गाडीत का? पाठीला त्रास नाही ना होणार? रडतंय, उचलून घ्या ना. हातात मोबाइल असला की आणखी एक नजर. तिचं सिझेरियन झालंय. पहिले काही महिने बाळ घेऊन जास्त वेळ उभं राहिलं की टाके ओढायचे, हे त्या विचारणाऱ्यांपैकी कुणाला सांगायचं आणि का सांगायचं?

“तुला कौतुक मिळतं,” ती म्हणाली, “मला उत्तरं द्यावी लागतात. हे तुझ्या त्या पुस्तकांत आहे का?”

काही प्रमाणात आहे. व्हेब्लेननं बायकांवर लिहिलंय. पण त्याला दिसते ती नवऱ्याचा पैसा अंगावर वागवणारी बायको. जिच्या पोटाला टाके आहेत आणि जिला चौथ्या मजल्यावरून खाली उतरून अर्धा तास मोकळी हवा हवी आहे, ती बायको त्याच्या पुस्तकात नाही. दिखाव्याची थट्टा करणाऱ्या लिखाणात ही गफलत नेहमी होते, आणि मीही तीच करत होतो. महाग वस्तूला हसता हसता ती वस्तू कुणाला नेमकी कशासाठी लागते हे विचारायचं राहूनच जातं. उच्चभ्रूंवरची टीका हाही उच्चभ्रू होण्याचा एक मार्ग आहे, फक्त जरा स्वस्तातला.

*

तर आम्ही तोंडवलीत होतो, गाडी वाळूत होती, आणि काकीचा प्रश्न हवेत होता.

तोंडवली ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मालवणच्या उत्तरेला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, आणि मध्ये तळाशीलच्या टोकापर्यंत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. माड, सुरूची झाडं, अंगणाला खळं म्हणतात. डांबरी रस्ता आहे, पण रस्त्यापासून घरापर्यंतची वाट बऱ्याच ठिकाणी वाळूचीच. बावीस हजारांचं सस्पेन्शन तिथे काहीही कामाचं नाही.

काकीच्या प्रश्नाला मी आधी गावठी हेकटपणा समजलो. मग लक्षात आलं की त्यामागे समीक्षेची एक लांबलचक परंपरा आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येतो तेव्हा त्याच्या हातात काय आहे हे वाचायला हे गाव पिढ्यान् पिढ्या शिकलंय. कधी ट्रान्झिस्टर, कधी टेपरेकॉर्डर, कधी गॉगल, कधी लाटांच्या आवाजावर कुरघोडी करणारा ब्लूटूथ स्पीकर. गावानं प्रत्येक वस्तूला हसून घेतलं आणि आणणाऱ्याला त्याची जागा दाखवली: कितीही मोठा झालास तरी तू अमक्याचा झील. या हसण्यात कटुता कमी आणि हिशेब जास्त असतो. माझी गाडी त्या यादीतली नवी नोंद होती.

शिवाय काकीचं म्हणणं त्या घरात खरंही होतं. पुढच्या दोन दिवसांत लेकीला कोणी कोणी घेतलं याची मी, सवयीनं, फोनमध्ये नोंद ठेवली. अकरा माणसं. सोसायटीत अकरा महिन्यांत मिळून तिला इतक्या जणांनी घेतलं नसेल. तिला खाली ठेवायची वेळच येत नव्हती. अशा घरात गाडी म्हणजे खरंच अपमान आहे. रांधलेलं घर सोडून हॉटेलचा डबा आणण्यासारखा.

पण यादी पुन्हा वाचली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. अकरापैकी नऊ बायका आणि मुली होत्या. बाबा आणि एक चुलतभाऊ सोडले तर पुरुष तिला लांबून “काय गो” म्हणायचे आणि रापणीच्या गप्पांकडे वळायचे. ‘घरात माणसां’ म्हणजे घरातल्या कुठल्या माणसांच्या कमरा, हे काकीच्या वाक्यात सांगितलेलं नव्हतं, कारण ते सांगावं लागत नाही.

माझी आई यातल्या कुठल्याच वादात पडली नव्हती. तिनं मला याच घरात वाढवलं. एका कडेवर मी आणि दुसऱ्या हातात विहिरीवरची कळशी, हे चित्र आमच्याकडे कौतुकानं सांगितलं जातं. आज ती चाळिशीत आलेल्या बायकांना सांगते की कमरेचं काय, ते असायचंच. मी तिला डॉक्टरकडे न्यायचं तीन वर्षं ठरवतोय. बाबागाडीचं शीट मी दोन रात्रींत पूर्ण केलं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर लेक अंथरुणात नव्हती, गाडीही पडवीत नव्हती. बाहेर आलो. रस्त्यावरून आई येत होती. लेक गाडीत, वरच्या हुडाला अडकवलेली दुधाची पिशवी, खालच्या जाळीत कुणीतरी दिलेले चार नारळ. वाळूची वाट आली तशी ती थांबली, मागे फिरली, गाडी उलटी केली आणि पाठीमागची चाकं पुढे घेऊन ओढत आणली. ओढल्यावर ती रुतत नव्हती. हे मला, इंजिनीअरला, तीन दिवस सुचलं नव्हतं.

खळ्यात आल्यावर ती गाडीच्या चाकांकडे वाकून बघत म्हणाली, “ह्येची चाकां मोठी नाय गावत काय?”

याची चाकं मोठी मिळत नाहीत का?

वर्षभरात शेकडो लोकांनी आमच्या बाबागाडीवर मत दिलं होतं. बाबागाडीबद्दलचं ते पहिलं मत होतं. केवढ्याला पडली नाही, कशाला आणली नाही, कोण कमी पडलं म्हणून आणली तेही नाही. ही वस्तू या वाटेवर कुठे अडते आणि काय केलं तर अडणार नाही, एवढंच तिनं वाचलं होतं. समीक्षा म्हणून मी आजवर जे वाचलं त्यातला बराच भाग यापुढे लिफ्टमधल्या गप्पांसारखा वाटू लागला, माझा स्वतःचाही.

“आमच्या वेळार असला कायएक नव्हता,” ती पुढे म्हणाली. तक्रार नव्हती. पण ती हे म्हणताना तिचा एक हात कमरेवर होता.

*

परत आल्यावर मी आईचा प्रश्न घेऊन सोसायटीच्या गेटबाहेर पडलो. आतला पेव्हर ब्लॉकचा रस्ता गुळगुळीत आहे. क्लबहाउसला वळसा घालून साधारण दोनशे मीटर. आमच्या सगळ्या गाड्यांची प्रतवारी या दोनशे मीटरवर होते. गेटबाहेर फूटपाथ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रहिवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमचा फूटपाथ गुडघ्याच्या जरा खाली येतो. त्यावर विजेची पेटी आहे, एका दुकानाची पायरी आहे, लावलेल्या बाइक आहेत, आणि उतार कुठेच नाही. गेटपासून भाजीवाल्यापर्यंत मी गाडी नऊ वेळा उचलली. लाखाची गाडी असती तरी नऊ वेळाच उचलावी लागली असती, आणि ती जड असते.

मग ध्यानात आलं की त्या नऊ जागी फक्त आपलं मूल अडत नाही. व्हीलचेअर तिथेच अडते. काठीवाले आजोबा तिथेच रस्त्यावर उतरतात. चाकांच्या टोपलीत भाजी ओढत नेणारी बाई तिथेच वळसा घालते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असं सांगतो. तो अमलात आला तर सगळ्यात आधी फुकटात फायदा बाबागाडीवाल्यांचा. पण आम्ही एकमेकांना चाकांची किंमत विचारत राहतो, कारण ती आपल्या हातात आहे असं वाटतं. चाकाखालची वाट ही कुणा दुसऱ्याची बाब आहे असं आम्ही धरून चाललोय.

तोंडवलीसाठी मोठ्या चाकांची गाडी हवी म्हणून मी बी विंगमधल्या त्या जोडप्याकडे गेलो. तुमची ती जुनी गाडी अजून आहे का? जरा संकोचलोच विचारताना. ती त्यांनी सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना दिली होती, नातीसाठी. दुसऱ्या दिवशी मावशी भेटल्या तेव्हा विचारलं, गाडी कशी आहे, उपयोग होतो का?

“चांगली आहे की,” त्या म्हणाल्या. “दारात उभी करतो आणि नात त्यात झोपते. गल्लीत नाही चालत. मधोमध गटार आहे.”

माझं जुनं शीट अजून ड्राइव्हवर आहे. ‘बिल्ड क्वालिटी’चा रकाना उडवलाय, आणि त्या जागी ‘कुठपर्यंत जाते’ असा नवा घातलाय. चौदाच्या चौदा ओळींत सध्या एकच उत्तर भरलंय: गेटपर्यंत. त्याखाली एक ओळ नवीन आहे, जी या शीटमध्ये सुरुवातीपासून असायला हवी होती: आई, कंबर, डॉक्टर, तारीख. तेवढी तारीख मी भरली आहे.